रडून घे, बरं वाटेल… पण खरंच वाटतं का?

"रडून घे एकदाचं, मोकळं वाटेल." हा सल्ला आपण सगळ्यांनीच कधी ना कधी कोणाला तरी दिलाय नाहीतर कोणाकडून तरी ऐकलाय, आणि तो देताना डोक्यात एक चित्र पक्कं असतं, की आत काहीतरी साठलंय, कुकरमध्ये वाफ साठते तसं, ते डोळ्यांवाटे निघून गेलं की प्रेशर उतरणार आणि नाही गेलं तर माणूस आतल्या आत फुटणार. हे चित्र इतकं मुरलेलं आहे की रँडॉल्फ कॉर्नेलियस या मानसशास्त्रज्ञाने १९८६ मध्ये आधीच्या साधारण १४० वर्षांत मासिकं-वर्तमानपत्रांमध्ये रडण्याबद्दल काय काय छापून आलंय ते चाळलं, तर ९४ टक्के लेख हेच सांगत होते की रडणं चांगलं आणि दाबून ठेवणं वाईट. इतकं एकमत सहसा कुठल्याच विषयावर नसतं, आणि म्हणूनच जरा शंका यायला हवी.

मला विचाराल तर कुकरचं हे चित्र फार तर अर्धं बरोबर आहे. रडण्याने आतलं काहीतरी बाहेर पडतं यापेक्षा रडण्याने आपली अवस्था दुसऱ्याला कळते, हा भाग जास्त महत्त्वाचा निघालाय, आणि रडल्यावर बरं वाटणार की नाही हे बऱ्याच वेळा त्या दुसऱ्याच्या वागण्यावर ठरतं. पण तिथे जायच्या आधी डोळ्यातलं पाणी येतं कुठून ते बघू, कारण तिथेच निम्मे गैरसमज मिटतात.

आपल्या डोळ्यात पाणी सतत असतं, आत्ता हे वाचतानाही आहे. प्रत्येक डोळ्यावर जेमतेम ७-८ मायक्रोलीटर पाण्याचा पातळ थर असतो, म्हणजे एका थेंबाचा एक लहानसा भाग, आणि पापणी लवली की तो पुन्हा सारखा पसरतो. नुसतं पाणीही नाही ते, बुबुळाला चिकटून एक बुळबुळीत थर, त्याच्यावर पाणी आणि सगळ्यात वर तेलाचा अगदी बारीक थर, जो नसता तर पाणी भराभर सुकून गेलं असतं. शिवाय त्यात जंतू मारणारं लायसोझाइम नावाचं एक एन्झाइम असतं. हे शोधलं अलेक्झांडर फ्लेमिंगने, पेनिसिलिनवाला फ्लेमिंग तोच, आणि पेनिसिलिनच्याही काही वर्षं आधी, त्यासाठी अश्रू गोळा करायला तो स्वतःच्या आणि सहकाऱ्यांच्या डोळ्यात लिंबू पिळायचा. सायन्ससाठी लोक काय काय सहन करतात!

हे झालं रोजचं, देखभालीचं पाणी. दुसरं म्हणजे धूर, धूळ, कचरा, कांदा यांनी येणारं पाणी. कांदा कापला की त्यातून एक गंधकवाला वायू सुटतो, तो डोळ्यापर्यंत गेला की बुबुळावरच्या संवेदना नेणाऱ्या नर्व्ह लगेच मेंदूच्या खालच्या भागाला कळवतात आणि तिथून परत ऑर्डर येते की पाणी सोडा, धुऊन काढा. यात भावनाबिवना काही नाही, सरळ प्रतिक्षिप्त क्रिया. आणि तिसरं ते आपलं आजचं, मन भरून आल्यावर येणारं.

गंमत अशी की दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारात पाणी सोडणारी ग्रंथी तीच असते. भुवईच्या बाहेरच्या टोकाखाली, डोळ्याच्या वरच्या बाजूला बदामाएवढी एक अश्रुग्रंथी असते, तिला शेवटची ऑर्डर देणारी नर्व्हही तीच, फक्त ऑर्डर निघते वेगळ्या ठिकाणाहून. कांद्याची ऑर्डर बुबुळाकडून सुरू होते, दुःखाची मेंदूच्या आतून, जिथे भीती, ओढ, हरवल्याची जाणीव या गोष्टींची उलाढाल चालते त्या भागातून, ज्याला लिंबिक सिस्टिम म्हणतात, आणि मग हायपोथॅलॅमस वगैरे टप्पे घेत ती ग्रंथीपर्यंत पोचते. म्हणूनच "रडू नकोस" असं कोणी कितीही बजावलं तरी त्याचा फार उपयोग नसतो, कारण हात उचलायचा की नाही हे जसं आपण ठरवतो तसा या ग्रंथीवर आपला थेट ताबाच नाहीये. आपण फार तर श्वास आणि चेहरा सांभाळू शकतो, पाणी नाही.

रडताना नाक का वाहतं हे लहानपणापासून सगळ्यांना पडलेलं कोडं, त्याचं उत्तर अगदी साधं आहे. दोन्ही पापण्यांच्या नाकाकडच्या कोपऱ्यात, आरशात नीट बघितलंत तर दिसेल, टाचणीच्या टोकाएवढं एकेक भोक असतं, डोळ्यातलं वापरून झालेलं पाणी तिथून एका बारीक नळीने नाकात उतरतं. एरवी ते इतकं थोडं असतं की कळतही नाही, पण रडताना पाण्याचा लोंढा येतो, काही नाकात जातं, काही घशात जाऊन आपण गिळतो, आणि जे मावत नाही ते गालावर येतं. म्हणजे गालावर दिसतात ते अश्रू हा फक्त वरून सांडलेला हिशेब, बाकीचे आपल्याच पोटात गेलेले असतात. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

गळा दाटून येतो त्याचं सर्वसाधारणपणे दिलं जाणारं कारण असं: भावना तीव्र झाली की शरीर जास्त हवा आत घ्यायच्या तयारीत जातं आणि त्यासाठी घशातली स्वरयंत्राची फट रुंद होते, त्याच वेळी आपण आवंढा गिळायला बघतो आणि गिळायचं म्हणजे तीच फट बंद करावी लागते, या दोन उलट्या ओढाताणीत घशात काहीतरी गोळा अडकल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात अडकलेलं काही नसतं. आवाज कापरा होतो तोही तिथल्याच स्नायूंच्या ताणाने. नंतर डोळे लाल आणि सुजलेले दिसतात ते रक्तवाहिन्या फुगल्यामुळे आणि आपण डोळे चोळ चोळ चोळतो त्यामुळे, डोकं दुखतं ते बहुतेक करून कपाळ-जबड्याचे स्नायू इतका वेळ आवळून धरल्यामुळे.

माणसाला हे सगळं कळायला बराच वेळ लागला. पूर्वी लोकांना वाटायचं की अश्रू मेंदूतून झिरपतात, काहींचं म्हणणं की काळजात तयार झालेली वाफ वर चढून डोळ्यात थंड होते (कुकर तेव्हाही होताच म्हणायचा!). १६६२ च्या सुमारास नील्स स्टेनसेन या डॅनिश शरीरशास्त्रज्ञाने अश्रूंचा उगम त्या ग्रंथीत आहे हे दाखवून दिलं आणि तो वाद मिटला. पण अश्रू येतात कुठून हे कळलं तरी येतात कशासाठी ते कळलं नव्हतंच, खुद्द डार्विनने १८७२ मध्ये भावनांच्या हावभावांवर अख्खं पुस्तक लिहिलं त्यात रडण्याला एक प्रकरण दिलं, आणि निष्कर्ष काय, तर भावनेच्या भरात येणाऱ्या अश्रूंना स्वतःचा असा काही उपयोग नाही, बाळ जोरात ओरडताना डोळ्याभोवतीचे स्नायू आवळतं, त्या दाबाने पाणी येतं, आणि ती सवय पुढे राहून जाते. ज्याने प्राण्यांच्या प्रत्येक पिसाचा आणि चोचीचा उपयोग शोधला त्याला अश्रूंचा उपयोग सापडू नये, हे मला फार रोचक वाटतं.

मग विसाव्या शतकात आले अमेरिकेतले बायोकेमिस्ट विल्यम फ्रे. त्यांनी १९८० च्या आसपास लोकांना दुःखी सिनेमा दाखवून आणि कांद्याच्या वासाने असे दोन्ही प्रकारचे अश्रू नळीत जमवले आणि तपासले, तर भावनेच्या अश्रूंमध्ये प्रोटीनचं प्रमाण जास्त सापडलं, अश्रूंमध्ये स्ट्रेसशी संबंधित हार्मोनही मिळाले. त्यावरून त्यांनी कल्पना मांडली की रडणं म्हणजे घाम-लघवीसारखं शरीरातली नको ती केमिकल्स बाहेर टाकणं असेल. झालं, कुकरच्या चित्राला सायंटिफिक शिक्का मिळाला, आणि आजही "अश्रूंमधून टॉक्सिन्स बाहेर पडतात" हे वाक्य व्हॉट्सॅपवर फिरतंय ते तिथूनच.

पण थोडा विचार करा. एका रडण्यात निघणारं पाणी ते किती, आणि त्यातलं बरंचसं तर नाकावाटे घशात जाऊन आपण परत गिळतो, म्हणजे टाकलेलं केमिकल पुन्हा आतच. रक्तातल्या हार्मोनचं प्रमाण हलेल इतकं काही त्यातून बाहेर जाणं अवघड आहे. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठात एक प्रयोग झाला, १९७ तरुणी घेतल्या, काहींना दुःखी व्हिडिओ दाखवले आणि काहींना साधे, मग सगळ्यांना हात बर्फासारख्या गार पाण्यात जमेल तेवढा वेळ धरून ठेवायला सांगितला, आणि तोंडातल्या लाळेतून कॉर्टिसॉल हे स्ट्रेसचं हार्मोन मोजलं. रडलेल्या मुलींनी हात जास्त वेळ धरला नाही, त्यांचं कॉर्टिसॉलही कमी झालं नाही. म्हणजे रडून सहनशक्ती वाढत नाही आणि स्ट्रेसचं हार्मोनही धुऊन जात नाही. फक्त एक फरक दिसला, जे रडले नाहीत त्यांचा श्वास दुःखी व्हिडिओ बघताना वेगात गेला, जे रडले त्यांचा श्वास जागच्या जागी राहिला, आणि रडू फुटायच्या जरा आधी हृदयाचे ठोकेही मंदावलेले दिसले. त्यामुळे रडणं हा शरीराचा स्वतःला शांत करायचा, तोल सांभाळायचा प्रयत्न असू शकतो, हे म्हणायला जागा आहे. टाकाऊ माल बाहेर फेकणं मात्र नाही.

बरं मग लोकांना रडल्यावर हलकं वाटतं ते काय खोटं? नाही, पण ते कोणाला विचारता आणि कधी विचारता यावर आहे. लोकांना मागच्या रडण्याबद्दल आठवून सांगायला लावलं, अशा तीन हजारांहून जास्त प्रसंगांचा अभ्यास २००८ मध्ये आला, त्यात बहुतेकांनी नंतर बरं वाटलं असंच सांगितलं, साधारण एक तृतीयांशांनी काही फरक नाही म्हटलं, आणि दहातल्या एकाला उलट आणखी वाईट वाटलं. पण हेच लॅबमध्ये केलं, म्हणजे माणसाला खुर्चीत बसवून सिनेमा दाखवला आणि रडल्याबरोबर विचारलं, तर मूड घसरलेलाच सापडतो! बरीच वर्षं या विसंगतीवर लोक डोकं खाजवत होते. २०१५ मध्ये नेदरलँड्समधल्या एका टीमने साधी गोष्ट केली, थांबून परत विचारलं. ६० जण, त्यातले २८ सिनेमा बघून रडले. सिनेमा संपल्या संपल्या रडणाऱ्यांचा मूड खाली, २० मिनिटांनी तो सिनेमाच्या आधी होता तिथे परत आला, आणि ९० मिनिटांनी आधीपेक्षाही चांगला. म्हणजे रडताना बरं वाटत नाही, रडून झाल्यावर काही वेळाने वाटतं. आणि आपण नंतर आठवताना ती मधली वाईट वीस मिनिटं विसरून शेवट तेवढा लक्षात ठेवतो, हेही त्यात असणारच.

त्या २००८ च्या अभ्यासातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट अशी, की बरं कोणाला वाटलं? ज्यांना रडताना कोणाचा तरी आधार मिळाला त्यांना, ज्यांचा मूळ प्रश्न थोडा तरी सुटला त्यांना, किंवा ज्यांना रडता रडता काहीतरी उलगडलं त्यांना. आणि ज्यांना रडल्याची लाज वाटली, किंवा रडू दाबायचा प्रयत्न करावा लागला, त्यांना बरं वाटण्याची शक्यता कमी. पाणी तेच, हुंदके तेच, समोरचा माणूस वेगळा की निकाल वेगळा. वाफेच्या हिशेबात हे बसतच नाही.

इथे मग अश्रूंचा दुसरा अर्थ लागायला लागतो, की हा सिग्नल आहे. रॉबर्ट प्रोव्हाइन या अमेरिकन शास्त्रज्ञाने रडणाऱ्या चेहऱ्यांचे फोटो घेतले आणि कॉम्प्युटरवर फक्त अश्रू तेवढे पुसले, बाकी चेहरा जसाच्या तसा. ते बघणाऱ्यांना हा माणूस दुःखी आहे हे नीटसं कळेनाच, कोणाला वाटलं कोड्यात पडलाय, कोणाला वाटलं विचारात आहे. म्हणजे चेहरा अर्धी बातमी देतो, पाणी ती पक्की करतं. पुढे ४१ देशांतल्या सात हजारांवर लोकांना असेच अश्रू असलेले आणि नसलेले चेहरे दाखवले गेले, आणि अश्रू दिसले की या माणसाला मदत करावी असं वाटण्याचं प्रमाण वाढतं हे सगळीकडे सापडलं, कुठे कमी कुठे जास्त पण दिशा एकच.

आता हे लक्षात घेतलं की डार्विनचा प्रश्नही सुटायला लागतो. लहान बाळ आवाजाने रडतं, लांबून ऐकू जावं म्हणून, ते ठीक आहे, पण आवाज हा धोक्याचाही असतो, तो आईपर्यंत जातो तसा शिकाऱ्यापर्यंतही जातो. अश्रू गुपचूप असतात. ते फक्त जवळच्या, समोर बघणाऱ्या माणसालाच दिसतात. अंधारात किंवा लांबून दिसत नाहीत. मोठं झाल्यावर आपलं भोकाड पसरणं कमी होत जातं आणि नुसतं डोळे भरून येणं राहतं, त्यामागे हे असावं असं अॅड विंगरहुट्स हे डच मानसशास्त्रज्ञ मांडतात, ज्यांनी अख्खं करिअर रडण्यावर घालवलंय. इस्रायलचे जीवशास्त्रज्ञ ओरेन हॅसन यांचं म्हणणं जरा वेगळं, डोळे पाण्याने भरले की नीट दिसत नाही, म्हणजे तो माणूस त्या क्षणी ना हल्ला करू शकत ना बचाव, आणि तेच तो समोरच्याला दाखवून देतोय की मी शस्त्र खाली ठेवलंय. दोन्ही पटण्यासारख्या कल्पना आहेत, सिद्ध झाल्यात असं मात्र म्हणता येत नाही, उत्क्रांतीबद्दलच्या गोष्टींचं हे नेहमीचंच.

बाळांचं रडणं हा वेगळाच विषय आहे आणि त्यावर थोडं थांबायला हवं, कारण घाबरलेले आईबाबा हे नक्की वाचत असतील. नवजात बाळ जोरजोरात रडतं पण त्याच्या डोळ्यातून पाणी ओघळत नाही, पहिले काही आठवडे ग्रंथी तेवढं पाणीच करत नाही, ते नॉर्मल आहे. रडणं दुसऱ्या आठवड्यापासून वाढत जातं, साधारण सहाव्या आठवड्याला सगळ्यात जास्त होतं आणि तीन-चार महिन्यांपर्यंत बरंच ओसरतं, संध्याकाळी जास्त, आणि कित्येकदा पोट भरलेलं, लंगोट कोरडा, कडेवर घेतलेलं, तरीही थांबत नाही. यात आईचं काही चुकत नसतं, निरोगी बाळांमध्येही हे असंच चढतं-उतरतं. आणि रडण्याला सूरही असतो बरं का, जर्मनीतल्या काथलीन वेर्म्के यांनी २००९ मध्ये ३० फ्रेंच आणि ३० जर्मन नवजात बाळांचं रडणं रेकॉर्ड करून तपासलं तर फ्रेंच बाळांचा सूर चढत जाणारा आणि जर्मन बाळांचा उतरत जाणारा निघाला, आईच्या भाषेचा जो ढंग, तोच, पोटात असताना कानावर पडलेला. फक्त एक गोष्ट, रडून रडून बाळाने तुमचा अंत बघितला तर त्याला सुरक्षित जागी पाठीवर झोपवून दोन मिनिटं बाजूला व्हा, चालेल, पण चिडून बाळाला कधीही गदागदा हलवू नका, त्याने मेंदूत रक्तस्राव होऊन जीव जाऊ शकतो.

वय वाढतं तशी रडण्याची कारणंही बदलतात. मूल पडलं की रडतं, गुडघा फुटला की रडतं. मोठ्या माणसाचा गुडघा फुटला तर तो शिवी हासडतो, रडत नाही सहसा. पण तोच माणूस दुसऱ्याचं दुःख बघून, कोणीतरी अनोळखी माणसाने केलेला मोठेपणा बघून, गाणं ऐकून रडतो. म्हणजे शरीराच्या दुखण्यावरचं रडणं वयाबरोबर कमी होतं आणि दुसऱ्यांसाठीचं, अर्थासाठीचं रडणं वाढत जातं, "वय झालं की माणूस हळवा होतो" म्हणतात त्यात तथ्य आहे.

बायका जास्त रडतात का? हो, मोजलं तर तसंच दिसतं. फ्रे यांच्या पाहणीत बायकांची सरासरी महिन्याला पाचच्या थोडी वर आली होती, पुरुषांची दीडच्या आत. पण लहान मुलगे आणि मुली साधारण सारखंच रडतात, फरक पडायला लागतो तो ११ ते १३ च्या आसपास, आणि नेमकं त्याच वयात दोन गोष्टी एकदम होतात, हार्मोन बदलतात (टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनने रडणं अवघड होत असावं असा अंदाज आहे) आणि "मुलीसारखा काय रडतोस" हे ऐकायला लागायचं प्रमाणही वाढतं. यातलं कशाचं किती हे वेगळं करणं कठीण. पण तीसहून जास्त देशांतल्या तुलनेत एक उलटंच दिसलं, सगळ्यात जास्त हालअपेष्टा जिथे तिथे लोक जास्त रडत असतील असं वाटेल ना, तर तसं नाही, जास्त पैसा आणि जास्त मोकळीक असलेल्या देशांत लोक जास्त रडल्याचं सांगतात, आणि बायका-पुरुषांतला फरकही तिथेच मोठा. दुःख असणं वेगळं आणि ते दाखवायची मुभा असणं वेगळं, आणि अश्रू या दुसऱ्या गोष्टीवर जास्त चालतात असं दिसतंय. म्हणून "पुरुषासारखा पुरुष आणि रडतो" म्हणणाऱ्यांनी आपण निसर्गाची बाजू घेतोय असं समजू नये.

आनंदाश्रूंचं काय, हा प्रश्न येतोच. ओरियाना आरागॉन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी यावर काम केलंय, त्यांचं म्हणणं की भावना इतकी प्रचंड होते की सांभाळता येत नाही तेव्हा शरीर उलट्या बाजूचा हावभाव दाखवतं, गोंडस बाळ बघून त्याचा गाल कचकन ओढावासा वाटतो ना, तोच प्रकार. मला स्वतःला त्यात आणखी एक दिसतं, की बहुतेक आनंदाश्रू हे आधीच्या काळजीचा किंवा विरहाचा शेवट झाल्यावर येतात, निकाल लागल्यावर, माणूस परत भेटल्यावर, ऑपरेशन नीट झालं हे कळल्यावर. ज्या आनंदाच्या मागे वाट बघणं नसतं त्यात आपण हसतो, रडत नाही.

प्राणी रडतात का, तर आवाज करून रडतात, पिल्लं आईला हाका मारतात, पण भावनेने अश्रू ढाळणं माणसाखेरीज कुणात पक्कं सिद्ध झालेलं नाही. २०२२ मध्ये जपानमध्ये कुत्र्यांचा अभ्यास झाला, मालक काही तासांनी परत भेटला की त्यांच्या डोळ्यातलं पाणी मोजण्याइतकं वाढतं असं दिसलं, पण ते गालावर ओघळत नाही. हत्ती रडतात या गोष्टी डार्विनच्या आधीपासून चालत आल्यात. मगरीचं तर सोडाच.

आता कधी काळजी करावी ते. पक्षाघात, एमएस (मल्टिपल स्क्लेरोसिस, मेंदू आणि मज्जारज्जूचा एक आजार) किंवा मेंदूच्या इतर काही आजारांनंतर काही लोकांना कारण नसताना एकदम हुंदके देऊन रडू येतं, आतून दुःख नसतं तरी, आणि घरचे समजतात की हे खचलेत, याला वैद्यकीय नाव आहे, स्यूडोबल्बार अफेक्ट, आणि औषधं आहेत, डॉक्टरांना सांगा. बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी उगाच रडू येणं बहुसंख्य आयांना होतं आणि ओसरतं, पण दोन आठवड्यांच्या पुढे गेलं, किंवा बाळाबद्दल काहीच वाटेनासं झालं, तर ते डिप्रेशन असू शकतं, थांबू नका. आणि डिप्रेशन म्हणजे सारखं रडणं असंही नाही, बऱ्याच जणांमध्ये ते खोल गेलं की रडूच येईनासं होतं, सगळं बधिर. डिप्रेशनच्या काही गोळ्यांनीही रडू कमी येतं, तसं झालं तर गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका, लिहून देणाऱ्याशी बोला.

समोर कोणी रडत असेल तर काय करायचं, हे वरच्या सगळ्यातून आपोआपच निघतं. त्याला गप्प करायची घाई आपल्या अस्वस्थपणापोटी असते, त्याच्या भल्यासाठी नाही. बसा जवळ. उपाय लगेच सुचवू नका. पाच-दहा मिनिटांत "आता बरं वाटतंय ना?" विचारू नका, कारण नाही वाटत, ते मघाशी बघितलं, वेळ लागतो. आणि रडणारा जर रडल्याबद्दल माफी मागायला लागला तर ती लाज तेवढी घालवता आली तर बघा, कारण लाजेनेच जास्त नुकसान होतं. स्वतःला भर मीटिंगमध्ये रडू येतंय असं वाटलं तर श्वास सोडताना सावकाश सोडणं एवढंच बऱ्यापैकी हातात असतं.

आणि ज्यांना रडूच येत नाही त्यांचं काय, म्हणजे आजार नाही, औषध नाही, वर्षानुवर्षं एक थेंब नाही, अशी माणसं असतात आणि त्यांना "दाबून ठेवतोस, एक दिवस स्फोट होईल" हे ऐकावं लागतं. विंगरहुट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा लोकांची रडणाऱ्यांशी तुलना केली. स्फोटबिट काही नाही, त्यांचं एकूण बरं-वाईट वाटणं रडणाऱ्यांपेक्षा काही वेगळं निघालं नाही. फरक निघाला तो दुसरीकडे, त्यांना लोकांशी जोडलेपण कमी वाटत होतं, दुसऱ्याच्या दुःखाने ते कमी हलत होते आणि त्यांना आधारही कमी मिळत होता. आता जोडलेपण कमी म्हणून रडू येत नाही की रडत नाही म्हणून कोणाला कळत नाही आणि कोणी जवळ येत नाही, हे अशा तुलनेतून ठरवता येत नाही, दोन्ही एकमेकांना ढकलत असण्याचीही शक्यता आहेच.